आर्देश, लॉत की तार्न? फ्रान्समधील नदीदऱ्या आणि द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या तीन पायवाटांची तुलना

फ्रान्सच्या ग्रामीण भागात पाच-सहा दिवस पायी फिरायचे, नदीने कातळ कापून केलेली खोल दरी पाहायची आणि द्राक्षमळ्यांच्या कडेकडेनेही चालायचे, असे ज्याने मनाशी ठरवले आहे त्याची खरी अडचण नकाशा उघडल्यावर सुरू होते. व्हेर्दोंची दरी सर्वांत प्रसिद्ध आहे आणि काही ठिकाणी तिची खोली 700 मीटरपर्यंत जाते, पण तिथल्या प्रमुख वाटेवर द्राक्षवेल दृष्टीस पडत नाही. अल्सासमध्ये मळे मैलोन्मैल पसरलेले आहेत, पण तिथे दरी नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रवासात पायी गाठता येतील अशा जागा शोधू लागल्यावर दक्षिण फ्रान्समधील तीन नद्या उरतात: आर्देश, लॉत आणि तार्न. या तिघींपैकी एकीचीच निवड करायची असेल तर काय पाहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

तिन्ही दऱ्या चुनखडीच्या पठारांतून कापल्या गेल्या आहेत, आणि सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्या माणसाने ही गोष्ट आधी समजून घ्यावी. आपल्याकडच्या काळ्या कातळावर पाणी साचते, टाकी खोदता येतात, पावसाळ्यानंतरही काही महिने झरे वाहतात. चुनखडी पाणी धरून ठेवत नाही. पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली उतरते, भुयारांतून वाहते आणि थेट दरीच्या तळाशी नदीकाठी बाहेर येते. त्यामुळे वरचे पठार, ज्याला तिथे ‘कॉस’ म्हणतात, ऐन उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत असते आणि दिवसभराचे पाणी पाठीवर वाहून न्यावे लागते. याच चुनखडीमुळे या प्रदेशात गुहा आहेत आणि त्या गुहांत आदिमानवाची चित्रे आहेत. निवड करताना त्यांचाही विचार करावा लागतो, त्याकडे पुढे येऊ.

लॉत आणि तार्न या दोघी लोझेर पर्वताच्या परिसरात एकमेकींपासून फारशा दूर न उगमता पश्चिमेकडे वाहत जाऊन गारोन नदीला, म्हणजे अखेरीस अटलांटिकला मिळतात. आर्देश मात्र पूर्वेकडे उतरून रोन नदीला मिळते आणि तिचे पाणी भूमध्य समुद्रात जाते. पुस्तकी वाटणारा हा फरक चालणाऱ्याला रोज जाणवतो, कारण आर्देशच्या खोऱ्यात हवा भूमध्य समुद्राकाठची आहे, वास रानटी थाइम आणि रोझमेरीचा आहे, आणि ऊन त्या मानानेच कडक आहे.

आर्देश: पाणी परवानगी देईल तरच

आर्देशची दरी व्हालाँ-पाँ-दार्क या गावापासून सँ-मार्तँ-दार्देशपर्यंत सुमारे 30 किलोमीटर पसरलेली आहे. तिच्या तोंडाशीच पाँ दार्क ही नैसर्गिक कमान आहे. सुमारे 54 मीटर उंचीच्या या कमानीखालून पूर्ण नदी वाहते, आणि ती कोणी बांधलेली नसून नदीनेच आपल्या वळणाची भिंत फोडून केलेली आहे. दरीचा गाभा 1980 पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. राखीव क्षेत्र असल्यामुळेच दरीच्या तळाशी वस्ती नाही, दुकान नाही आणि मोटाररस्ताही नाही. पर्यटकांसाठी केलेला रस्ता वर कड्यावरून वळणे घेत जातो आणि त्यावरच्या सज्जांमधून खाली पाहता येते. खाली उतरून चालण्याचा अनुभव त्याहून फार वेगळा आहे.

तळाची पायवाट शाम या वस्तीपासून सुरू होऊन सँ-मार्तँच्या बाजूला सोझ इथे संपते. अंतर 24 किलोमीटरच्या आसपास आहे, पण आकड्यावर जाऊ नये. वाट कधी वाळूतून, कधी मोठमोठ्या धोंड्यांमधून, तर कधी नदीवर झुकलेल्या कातळावरून जाते. काही अवघड जागी लोखंडी दोर आणि पायऱ्या बसवलेल्या आहेत. धडधाकट माणूस ती एका दिवसात पार करू शकतो, पण तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ही दरी संध्याकाळी, होड्या निघून गेल्यावरच खऱ्या अर्थाने भेटते. मुक्कामाला गो आणि गुर्निये या दोनच जागा अधिकृत आहेत. तिथे आधी आरक्षण करावे लागते, आणि राखीव क्षेत्रात इतरत्र तंबू टाकण्यास किंवा शेकोटी पेटवण्यास मनाई आहे.

या वाटेचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे नदीचे उतार. वरच्या टप्प्यात वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते आणि तिथे पूल नाही; नदी पाण्यातून पायीच ओलांडावी लागते. पाणी उतरलेले असेल तर ते मांडीपर्यंत लागते, चढलेले असेल तर वाट बंद. आमच्या पहिल्या खेपेला मे महिन्यात आम्ही काठावर उभे राहून वीस मिनिटे नुसते पाण्याकडे पाहिले होते. पाणी नितळ होते, तळाचे गोटे मोजता येत होते, आणि म्हणूनच खोलीचा अंदाज फसत होता. काठीने चाचपल्यावर तिसऱ्याच पावलावर ती कमरेच्या वर बुडाली, तेव्हा आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. सप्टेंबरमध्ये तोच उतार गुडघ्याच्या थोडे वर पाणी असताना सहज पार झाला. ज्यांनी सांधण दरीतले पाण्याचे डोह ओलांडले आहेत त्यांना भिजण्याचे भय वाटणार नाही, पण तिथले पाणी साचलेले असते आणि इथले वाहते असते, हा फरक जिवावर बेतू शकतो. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, तोंड प्रवाहाकडे करावे, काठी तिसऱ्या पायासारखी वापरावी आणि बूट काढून अनवाणी न जाता जुनी पट्ट्यांची चप्पल घालावी, कारण तिथले गोटे गोल आणि शेवाळलेले असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी राखीव क्षेत्राच्या माहिती केंद्रात पाण्याची पातळी विचारून घ्यावी आणि ‘नको’ म्हणाले तर त्यांचे ऐकावे.

उतार बंद असला तरी सहल वाया जात नाही. दरीतून होडीने उतरणे हा इथला जुना आणि लोकप्रिय मार्ग आहे. व्हालाँहून 32 आणि शामहून 24 किलोमीटरचा हा जलप्रवास भाड्याच्या कयाकने एका किंवा दोन दिवसांत करता येतो, आणि मुक्कामाच्या जागा त्याच आहेत. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये नदीवर होड्यांची रांग लागते, आणि शांततेसाठी आलेल्या माणसाचा तेव्हा विरस होतो.

द्राक्षमळ्यांचे काय? इथेच आर्देशची मर्यादा दिसते. मळे वर पठारावर आहेत, सँ-रमेझ आणि ओर्न्याकच्या आसपास, कुठे लॅव्हेंडरच्या शेतांना लागून. कोत द्यू व्हिव्हारे या नावाने तिथल्या वाइनला 1999 मध्ये उगमनामाचा दर्जा मिळाला, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या वाइनलाच ते नाव लावता येते. पण दरीच्या तळाशी चालणाऱ्याला यांतले काहीही दिसत नाही. दोन दिवस कातळ, पाणी आणि आकाशाची पट्टी यांच्या सोबतीने काढून तो सँ-मार्तँला बाहेर पडतो, आणि तेव्हा समोरच्या काठावर, कड्याच्या टोकावर तटबंदीचे एगेझ गाव आणि त्याच्यामागे उघड्या मैदानातले मळे एकदम समोर येतात. हा बदल इतका अचानक होतो की तो दीर्घकाळ लक्षात राहतो. तरीही, मळ्यांतून मनसोक्त चालायचे असेल तर एगेझच्या बाजूला किंवा पठारावर आणखी एक स्वतंत्र दिवस राखून ठेवावा लागतो, हे आधीच गृहीत धरावे.

लॉत: काओर गाव मध्ये, दरी पूर्वेला, मळे पश्चिमेला

लॉतची रचना अगदी निराळी आहे, आणि माझ्या दृष्टीने निवड करणाऱ्याला सर्वांत सोयीची. काओर हे गाव नदीच्या मोठ्या वळणात वसलेले आहे. तिथून पूर्वेला, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला गेले की चुनखडीचे कडे आणि अरुंद दरी लागते. पश्चिमेला, खालच्या अंगाला गेले की दरी रुंदावते, नदी एकामागून एक नागमोडी वळणे घेऊ लागते आणि त्या वळणांच्या पोटात द्राक्षमळे भरलेले दिसतात. त्यामुळे काओरला बिऱ्हाड टाकून दोन दिवस एका दिशेला आणि दोन दिवस दुसऱ्या दिशेला चालता येते, पूर्ण सामान पाठीवर न घेता.

पूर्वेकडचा भाग आधी घ्यावा. बुझिये या खेड्यापासून सँ-सिर्क-लापोपीपर्यंत नदीला लागून एक जुनी ओढवाट आहे. एकेकाळी काओरची वाइन आणि इतर माल नावांतून जात असे, आणि प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या नावा माणसे आणि जनावरे काठावरून दोराने ओढत असत. गानिल नावाच्या जागी कडा थेट नदीत उतरतो आणि काठच उरत नाही, म्हणून 1843 ते 1847 या काळात तो कडाच आडवा कोरून वाट काढण्यात आली. त्या वाटेवर उभे राहिले की डाव्या हाताला हिरवट नदी, उजव्या हाताला कोरलेली भिंत आणि डोक्यावर कातळाचे छत, अशी एक बाजू उघडी असलेली लांबलचक ओसरी डोळ्यांसमोर येते. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाचा हात आपोआप छिन्नीच्या खुणांवर जातो. याच भिंतीवर दानिएल मोनिये या शिल्पकाराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंपले, मासे आणि पाण्याचे भोवरे यांचे लांब उठावशिल्प कोरले आहे. ते चुनखडीशी इतके एकरूप आहे की घाईने चालणारा ते नैसर्गिक समजून पुढे निघून जाईल. वाट सपाट आहे, पण नदीच्या बाजूला कठडा नाही. लहान मुलांचा हात धरूनच चालावे.

ओढवाट संपली की चढ लागतो आणि नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवरच्या कड्याला बिलगलेले सँ-सिर्क-लापोपी गाव येते. 2012 मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवरील मतदानात ते देशवासीयांचे सर्वांत आवडते गाव ठरले होते, आणि दुपारच्या गर्दीत त्याचा परिणाम दिसतोच. मात्र इथे मुक्काम करणाऱ्याला संध्याकाळी सहानंतरचे गाव मिळते, बसगाड्या परतल्यानंतरचे, आणि तेवढ्यासाठी एक रात्र इथे काढावी असे मी आग्रहाने सांगेन.

बुझियेच्या जवळच सेले नावाची छोटी नदी लॉतला मिळते. तिच्या दरीत काब्रेरे गावापाशी पेश मेर्लची गुहा आहे. 1922 मध्ये गावातल्या किशोरवयीन मुलांनी ती शोधली, आणि आत ठिपक्यांचे दोन घोडे सुमारे 29,000 वर्षांपूर्वी रंगवलेले आहेत. आर्देशशी तुलना इथे अपरिहार्य आहे. आर्देशच्या काठावरची शोवे गुहा 1994 मध्ये सापडली, तिथली चित्रे 36,000 वर्षांपर्यंत जुनी आहेत आणि 2014 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. पण मूळ गुहा लोकांसाठी कधीच उघडली गेली नाही आणि 2015 पासून पाहायला मिळते ती जवळच्या टेकडीवर उभारलेली तिची प्रतिकृती. प्रतिकृती अतिशय कसबाने केलेली आहे यात शंका नाही. तरीही ज्याला मूळ भिंत, मूळ ओल आणि मूळ हाताचा ठसा पाहायचा आहे त्याने पेश मेर्ल निवडावी. तिथे रोजच्या दर्शकांची संख्या मर्यादित ठेवलेली असते, त्यामुळे तिकीट आधी काढावे.

काओरच्या पश्चिमेला चालण्यासाठी जी.आर. 36 ही दीर्घ पल्ल्याची वाट आहे. लुझेक इथे नदी असा मोठा वळसा घेते की गावाच्या दोन बाजूंना तीच नदी वाहते आणि मधली जमिनीची पट्टी शंभर मीटरच्या आसपासच उरते. पुढे आल्बा, मग कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेले प्यी-लेवेक. दोन-तीन दिवसांच्या या चालीत वाट वारंवार मळ्यांच्या कडेने जाते, मध्येच ओकच्या रानात शिरते आणि पुन्हा बाहेर येऊन एखाद्या वळणाच्या माथ्यावर उभी करते, जिथून खालच्या मळ्यांच्या सरळ ओळी आणि त्यांना वळसा घालणारी नदी एकाच नजरेत मावतात. दरी आणि मळा एकाच चित्रात हवे असतील तर तिन्ही नद्यांमध्ये ही जागा सर्वोत्तम आहे.

इथली द्राक्षे मालबेक जातीची. काओर हे नाव लावायचे तर वाइनमध्ये किमान 70 टक्के मालबेक असावी लागते, आणि या नावाखाली केवळ लाल वाइनच होते. मध्ययुगात ती बोर्दोमार्गे इंग्लंडला जात असे, आणि तिच्या गडद रंगामुळे तिला काळी वाइन म्हणत. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने मुळे खाल्ली, मोठ्या कष्टाने काही मळे पुन्हा उभे राहिले, आणि फेब्रुवारी 1956 च्या गोठवणाऱ्या थंडीने त्यांतले बहुतेक एका महिन्यात मारून टाकले. 1971 मध्ये उगमनामाचा दर्जा मिळाला तो या सगळ्यातून पुन्हा लावलेल्या वेलींना. मळ्यातून चालताना जुनी जाड खोडे फारशी का दिसत नाहीत, याचे उत्तर या इतिहासात आहे, आणि ज्याने नाशिक-सांगलीकडे एका रात्रीच्या गारपिटीने उद्ध्वस्त झालेली बाग पाहिली आहे त्याला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

काओर सोडण्यापूर्वी व्हालाँत्रे पुलावरून पायी जावे. चौदाव्या शतकातल्या या तीन बुरुजांच्या पुलाबद्दल अशी कथा सांगतात की काम रखडल्याने वैतागलेल्या गवंड्याने सैतानाशी करार केला आणि शेवटी चुना कालवायला चाळणीतून पाणी आणण्याचे काम देऊन त्यालाच हरवले. चिडलेल्या सैतानाने मधल्या बुरुजाचा कोपऱ्याचा दगड काढून टाकला आणि तो पुन्हा कधी टिकेना. 1879 च्या दुरुस्तीत त्या कोपऱ्यात दगडाला चिकटलेला एक छोटासा सैतान कोरून बसवण्यात आला. मान वर करून शोधला तर तो सापडतो. याच पुलावरून स्पेनमधील सांतियागोला जाणाऱ्या पदयात्रेची जी.आर. 65 ही वाट जाते. पाठीवर शिंपला टांगलेले यात्रेकरू पहाटे पूल ओलांडताना दिसतात, तेव्हा आषाढी वारीची आठवण आल्यावाचून राहत नाही.

तार्न: उंचीचा मोह

निव्वळ दरी म्हणून पाहिले तर तार्न या दोघींपेक्षा भव्य आहे. इस्पान्याकच्या परिसरापासून ल रोझियेपर्यंत सुमारे 50 किलोमीटर ती कॉस मेजाँ आणि कॉस द सोव्हतेर या दोन पठारांमधून जाते, आणि कडे नदीपासून 400 ते 600 मीटर उंच आहेत. हा सगळा प्रदेश 2011 पासून जागतिक वारसा यादीत आहे. सँत-एनिमीपासून ला मालेनपर्यंत डाव्या काठाने जाणारी वाट एका दिवसाची आहे. वाटेत सँ-शेली गावातून निघालेले ओढे थेट नदीत कोसळतात, आणि पुढे ओतरीव्ह नावाची वस्ती लागते जिथे आजही मोटार पोहोचत नाही. तिथे पायी किंवा होडीनेच जावे लागते आणि सामान नदीवरून तारेने ओढून नेतात.

ल रोझिये इथे झाँत नदी तार्नला मिळते, आणि तिथून मेजाँच्या कड्यावर चढणारी वाट हे या भागातले सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर चालणे आहे. चढ मोठा आहे, काही जागा निसरड्या आणि उघड्या आहेत, आणि उंचीची भीती असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. वर पोहोचल्यावर गिधाडे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, कधी पायाखालीही, पंख न हलवता फिरताना दिसतात. विसाव्या शतकात ती इथून नाहीशी झाली होती आणि 1981 पासून ती पुन्हा सोडण्यात आली. भारतात गिधाडे आपल्या डोळ्यांदेखत संपत आलेली पाहिलेल्या पिढीला त्या कड्यावर बसून काय वाटते, ते मी इथे लिहू शकत नाही.

पण मळ्यांच्या कसोटीवर तार्न तिसरीच राहते. दरीच्या वरच्या टोकाला इस्पान्याकजवळ थोडे मळे पुन्हा लावले गेले आहेत, आणि खालच्या टोकाला, दरी उघडल्यावर मियो शहराच्या दिशेने कोत द मियोचे मळे आहेत, ज्यांना 2011 मध्ये उगमनाम मिळाले. त्या बाजूच्या कोंपेर गावात कड्याच्या भेगांतून थंड वारा येणारी जुनी तळघरे आहेत, वाइन साठवण्यासाठीच केलेली. ती अवश्य पाहावीत. मात्र दोन टोकांच्या मधल्या अरुंद दरीत दिसतात त्या बहुतांशी ओसाड दगडी पौळी, ज्यांवर कधीकाळी वेली आणि बदामाची झाडे होती.

गाडी नसेल तर

माझ्या अनुभवात निवडीचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. काओर हे पॅरिस-तुलूझ या मुख्य रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे. पॅरिसहून पाच तासांच्या आसपास लागतात आणि तुलूझहून दीड तासाच्या आतबाहेर. विमानउद्योगामुळे वा शिक्षणासाठी तुलूझमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर शनिवार-रविवारही पुरतो. काओरहून फिजाककडे जाणारी बस लॉतच्या दरीतून जाते आणि सँ-सिर्कच्या पायथ्याशी थांबते. आर्देशसाठी मोंतेलिमारपर्यंत वेगवान गाडी आहे, पण पुढे बस आणि तिची वेळ यांवर विसंबावे लागते. शिवाय वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, त्यामुळे परतीची व्यवस्था आधी करावी लागते. तार्नला सार्वजनिक वाहनाने जाणे सर्वांत कष्टाचे: मोंपेलियेहून बसने मियो, आणि तिथून दरीत जाणारी वाहने उन्हाळ्याबाहेर फारच तुरळक. गाडी भाड्याने घेणार नसाल तर तार्नचा विचार सोडून द्यावा, असे मी सांगेन.

केव्हा जावे

जुलै-ऑगस्ट टाळावा, चुनखडीच्या दरीत दुपारचे ऊन भिंतींवरून परावर्तित होते आणि दक्षिणेत वणव्याच्या धोक्यामुळे काही रानवाटा बंदही ठेवतात. लॉतसाठी मे-जून आणि सप्टेंबर दोन्ही उत्तम. आर्देशसाठी जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध योग्य, कारण त्याआधी उतार भरलेले असण्याची शक्यता असते आणि त्यानंतर वेगळाच धोका उभा राहतो. शरदात भूमध्य समुद्रावरची ऊबदार, दमट हवा सेव्हेन डोंगरांवर आदळून वर चढते आणि काही तासांत कित्येक दिवसांचा पाऊस ओतते. कोकणातून येणारे ढग घाटमाथ्यावर जे करतात तेच हे, फक्त तिथे ते ऋतूभर चालत नाही, एखाद-दुसऱ्या दिवसात उरकते. आर्देश आणि तार्न या दोन्ही नद्या अशा वेळी पाहता पाहता चढतात. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर दरीच्या तळाशी उतरू नये, मग आरक्षणाचे पैसे गेले तरी चालतील.

मळ्यांचे वेळापत्रकही आपल्यापेक्षा उलटे आहे. नाशिककडे द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चदरम्यान असते, तर तिथे फेब्रुवारीत नुसती छाटलेली काळी खोडे उभी असतात आणि तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते. भरलेले घड पाहायचे असतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा साधावा. तोडणीच्या दिवसांत वाटेवर ट्रॅक्टरना आधी जाऊ द्यावे, घडाला हात लावू नये, आणि नुकतीच फवारणी झालेली दिसली तर ओळींमध्ये शिरू नये. शरदापासून शिकारीचा हंगामही सुरू होतो, तेव्हा रानातून जाताना भडक रंगाचा सदरा अंगात असावा.

मुक्काम आणि जेवण

लॉत आणि तार्नच्या काठाने ‘जीत देताप’ म्हणजे पदयात्रींसाठीची साधी मुक्कामघरे आहेत. सामायिक खोली, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता एकत्र मिळतो. शाकाहारी असल्याचे आरक्षण करतानाच कळवावे. पोहोचल्यावर सांगितले तर बदकाचे ताट बाजूला सारून नुसते बटाटे आणि सॅलड मिळते. चीज खाणाऱ्यांची चैन आहे: आर्देशकडे पिकोदों, लॉतकडे रोकामादूर ही शेळीच्या दुधाची छोटी गोल चीजे, आणि मियोजवळ मेंढीच्या दुधाचे रोकफोर. मात्र पारंपरिक चीज विरजताना वासराच्या किंवा करडाच्या जठरातले रेनेट वापरतात, हे कडक शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावे. आर्देशच्या दरीत काहीच विकत मिळत नाही. दोन दिवसांचा शिधा बरोबर न्यावा लागतो. खेड्यांतली दुकाने दुपारी बंद असतात आणि सोमवारी अनेकदा पावही मिळत नाही.

वाटांच्या खुणा तिन्ही ठिकाणी सारख्या: दीर्घ वाटांवर पांढरी-लाल पट्टी, स्थानिक वाटांवर पिवळी, आणि फुली दिसली तर ती वाट आपली नव्हे. 1:25,000 प्रमाणाचा सरकारी नकाशा छापील स्वरूपात जवळ असावा, कारण दरीच्या तळाशी मोबाइलची रेंज भरवशाची नसते. संकटात 112 हा क्रमांक लावावा.

कोणी कुठे जावे

पहिल्यांदाच जाणाऱ्याने, आई-वडील किंवा मुले बरोबर असणाऱ्याने आणि गाडी न चालवणाऱ्याने लॉतच निवडावी, यात मला शंका वाटत नाही. एखाद्याचा गुडघा दुखू लागला तर तो त्या दिवशी बसने पुढे जाऊ शकतो, आणि ही सोय बाकी दोन्ही ठिकाणी नाही. सह्याद्रीतल्या घळी उतरलेल्या, पोहता येणाऱ्या आणि पाण्याने नकार दिला तर मुकाट परत फिरण्याची तयारी असलेल्या तीन-चार जणांच्या गटाने आर्देशला जावे, मळ्यांसाठी एगेझला एक दिवस वाढवावा आणि उतार बंद असल्यास होडीचा पर्याय आधीच ठरवून ठेवावा. तार्न त्याच्यासाठी, ज्याला मळे नाही दिसले तरी चालतील पण त्या कड्यावर बसून गिधाडांची वाट पाहायची आहे.

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाची आरक्षणे जोडावी लागत असल्याने हा निर्णय प्रवासाच्या निदान तीन महिने आधी घ्यावा. आर्देश ठरली तर गो आणि गुर्नियेच्या जागा सर्वांत आधी राखाव्यात आणि विमानाची तिकिटे त्यानंतर काढावीत.